बाहुलीला नजर बसवताना: प्रौढ आकाराच्या वास्तवदर्शी बाहुल्यांचे डोळे कसे निवडावेत आणि कसे बदलावेत

पूर्ण उंचीच्या, माणसासारख्या दिसणाऱ्या बाहुलीचे डोळे बदलायचे ठरले की बहुतेक मालक पहिला प्रश्न रंगाचा विचारतात. घारे घ्यावेत की काळेभोर, पिंगट शोभतील का, हिरवे कसे दिसतील? प्रश्न रास्त आहे, पण तो सर्वांत शेवटी विचारायचा आहे. चेहरा जिवंत वाटणे रंगावर फारसे अवलंबून नसते. डोळ्याचा गोळा खोबणीत किती खोल बसला आहे, वरची पापणी बुबुळाचा किती भाग झाकते आणि दोन्ही डोळे एकाच ठिकाणी पाहतात की नाही, या तीन गोष्टींवर ते ठरते. मी जळगावात हे काम बरीच वर्षे करत आहे. पावसाळ्यात गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी आणि वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत कापड दुकानांतले पुतळे, प्रदर्शनांतल्या आकृती आणि सिलिकॉनच्या किंवा टीपीई या रबरासारख्या पदार्थाच्या प्रौढ बाहुल्या यांची दुरुस्ती, असा माझा क्रम आहे. अशी बाहुली कोणी छायाचित्रणासाठी ठेवतो, कोणी पैठणी नेसवून दुकानात मांडतो, कोणी एकटेपणात सोबत म्हणून घरी ठेवतो. मी कोणालाही कारण विचारत नाही. ज्याने एवढा खर्च करून बाहुली घेतली, त्याला तिचा चेहरा नीट दिसावा असे वाटते, आणि ही इच्छा मला पूर्णपणे समजते.

मूर्तिकामात डोळे सर्वांत शेवटी काढतात. अंगाचा रंग, पितांबर, दागिने सगळे झाल्यावर आखणीवाला बसतो आणि तोवर कारखान्यात शाडूच्या किंवा प्लास्टरच्या नुसत्या आकृत्या असतात. ज्यांच्याकडे मी शिकलो ते अहिराणीत एवढेच म्हणत, ‘पहिले तोंड दख, मंग डोया.’ आधी तोंड बघ, मग डोळा. आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हा नारळाला डोळे आणि नथ लावतात. घरातली जाणती बाई डोळा लावल्यावर दोन पावले मागे सरकून पाहते आणि पुन्हा पुढे येऊन तो किंचित हलवते. बाहुलीच्या कामातही असेच मागे सरकून पाहणे वारंवार करावे लागते. हातात धरून जवळून पाहिलेला डोळा आणि चार हातांवरून दिसणारी नजर यांत फार अंतर असते.

डोके कशाचे आहे, ते आधी ओळखावे

टीपीई म्हणजे थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर. हा रबरासारखा मऊ पदार्थ उष्णतेने वितळतो आणि त्यात खनिज तेल मुरवलेले असते. सिलिकॉन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही आणि टीपीईसारखे त्यातून तेल पाझरत नाही. विकणाऱ्याने काय सांगितले हे आठवत नसेल, तर मानेच्या आतल्या बाजूला पांढरा टिश्यू कागद रात्रभर दाबून ठेवावा. सकाळी त्यावर तेलकट डाग उमटला तर डोके बहुधा टीपीईचे आहे. हा फरक माहीत असणे आवश्यक आहे, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक कृती त्यावर अवलंबून आहे. टीपीई ताणले तर बरेच ताणते, मात्र रंग आणि शाई पटकन शोषून घेते. सिलिकॉन डागाला त्या मानाने कणखर असते, पण त्याला कडेशी बारीक चीर पडली की ती चीर ताणासरशी पुढे पळत जाते. म्हणून टीपीईचे डोके कधीही वर्तमानपत्रावर ठेवू नये आणि सिलिकॉनच्या पापणीला कधीही धारदार वस्तू लावू नये.

बहुतेक डोक्यांत मऊ कातडीखाली एक कठीण कवटी असते आणि तिला डोळ्यांच्या जागी वाटीसारख्या खोबणी असतात. काही डोक्यांना मागून टोपीसारखे झाकण असते, ते काढले की बोट थेट खोबणीच्या मागे पोहोचते. काहींना अशी वाट नसते आणि सगळे काम समोरून, पापण्यांमधूनच करावे लागते. आपल्या डोक्याची रचना कोणती आहे हे मानेच्या भोकातून टॉर्च मारून आधी पाहून घ्यावे. मागून वाट असेल तर काम निम्म्याने सोपे होते.

माप

माणसाच्या डोळ्याचा गोळा साधारण 24 मिलिमीटर व्यासाचा असतो. बाहुलीच्या पापण्या मात्र माणसाच्या पापणीपेक्षा कितीतरी जाड असतात आणि त्या भरल्यासारख्या दिसाव्यात म्हणून गोळा बहुधा मोठा घेतलेला असतो. पूर्ण आकाराच्या डोक्यांत मला 28 ते 32 मिलिमीटरचे गोळे पुष्कळदा आढळले आहेत, पण या आकड्यावर विसंबून मागणी करू नये. जुना डोळा काढता येत असेल तर व्हर्नियर कॅलिपरने तो मोजावा: व्यास, पुढून मागे जाडी आणि बुबुळाचा व्यास. साध्या मोजपट्टीने गोल वस्तूचे माप चुकते.

जुना डोळा हरवला असेल तर मी मूर्तिकामातलीच एक युक्ती वापरतो. शाडूचे गोळे वळून ते सावलीत पूर्ण वाळवतो, पॉलिश पेपरने गुळगुळीत करतो आणि वाळल्यानंतरच मोजतो, कारण शाडू वाळताना आकसतो. माझ्याकडे 24 पासून 34 मिलिमीटरपर्यंत दोन-दोनच्या फरकाने गोळे तयार असतात. प्रत्येकावर खाद्यपदार्थ गुंडाळायची पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून बसवतो आणि एकेक करून खोबणीत घालून पाहतो. गोळा लहान असेल तर पापणी आणि डोळा यांच्यामध्ये काळी फट दिसते. मोठा असेल तर पापण्या बाहेर ढकलल्या जातात आणि चेहरा दचकल्यासारखा होतो. योग्य गोळ्यावर पापणी सर्व बाजूंनी टेकते, पण कुठेही ताणलेली नसते. शाडू हाताशी नसेल त्याने घट्ट मळलेली कणीक प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोबणीत हलके दाबावी आणि तिच्यावर उमटलेल्या आकाराचे माप घ्यावे. खोबण किती खोल आहे, तेही या कणकेवरून कळते, आणि अर्धगोल डोळा घ्यावा की पूर्ण गोल, याचा निर्णय त्या खोलीवरच होतो.

डोळ्यांचे प्रकार

बाजारात मुख्यतः काचेचे, अ‍ॅक्रिलिकचे आणि सिलिकॉनचे डोळे मिळतात. काचेच्या डोळ्याची चमक सर्वांत खोल असते आणि त्याला सहसा ओरखडा पडत नाही. पण तो जड असतो, पडला की फुटतो आणि महाग पडतो. अ‍ॅक्रिलिक हलके, टिकाऊ आणि परवडणारे असते, मात्र धुळीच्या फडक्याने पुसत राहिले तर वर्षभरात त्यावर बारीक रेघा येतात. सिलिकॉनचे डोळे मऊ असल्याने बसवायला सोपे जातात, पण त्यांच्यावर धूळ चिकटते आणि चमक लवकर मंदावते. जळगाव-भुसावळच्या धुळीत मी सिलिकॉनचे डोळे सहसा सुचवत नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने चांगल्या प्रतीचे अ‍ॅक्रिलिकच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहुल्यांचे डोळे आणि माणसांचे कृत्रिम डोळे यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, हे या कामात पडल्यावर मला कळले आणि तेव्हापासून या वस्तूकडे मी अधिक आदराने पाहू लागलो. जर्मनीतल्या लाउशा या काचकामाच्या गावात बाहुल्यांचे डोळे बनवणाऱ्या लुडविग म्युलर-उरी या कारागिराने 1835 च्या सुमारास माणसांसाठी काचेचे डोळे घडवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन काच मिळेनाशी झाली, तेव्हा अमेरिकी लष्करातल्या दंततंत्रज्ञांनी कवळीसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅक्रिलिकपासून डोळे बनवले. आज कृत्रिम डोळा बनवणारे कारागीर पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे केसासारखे धागे बसवून शिरा दाखवतात. चांगल्या बाहुलीच्या डोळ्यातही हे धागे दिसतात, आणि ते दिसतात का, हे खरेदीच्या वेळी भिंगातून जरूर पाहावे.

भिंग हातात असेल तर आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पांढरा भाग खडूसारखा शुभ्र नसावा. खऱ्या डोळ्याचा पांढरा भाग किंचित पिवळसर किंवा निळसर छटेचा असतो आणि शुभ्र पांढऱ्या गोळ्यामुळे चेहरा चिनीमातीचा वाटतो. दुसरी, बुबुळाची कड कंपासने काढल्यासारखी तीक्ष्ण नसावी. तिथे एक गडद, धूसर वलय असते आणि ते पांढऱ्यात विरघळत जाते. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक फुगवटा. डोळा बाजूने धरून पाहिला असता बुबुळावर काचेचा थेंब ठेवल्यासारखा उंचवटा दिसला पाहिजे. प्रकाशाचा ठिपका या उंचवट्यावर नेमका उमटतो आणि त्या ठिपक्यानेच डोळा ओला वाटतो. सपाट बुबुळावर कितीही सुंदर रंगकाम केले तरी तो ठिपका पसरट आणि मेलेला दिसतो.

मराठीत डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतात, हे येथे सहज आठवते. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी प्रतिमा दिसते, त्यावरून हे नाव पडले असावे. ही बाहुली उजेडात 2 ते 4 मिलिमीटर असते आणि अंधारात त्याहून मोठी होते. कृत्रिम डोळ्यात ती बदलत नाही, म्हणून ती 3 ते 4 मिलिमीटरची घ्यावी. दिवसाच्या आणि दिव्याच्या उजेडात हे माप सारखेच चालून जाते.

आता रंग आणि बुबुळाचे माप. प्रौढ माणसाच्या बुबुळाचा व्यास सुमारे 12 मिलिमीटर असतो. अनेक विक्रेते 14 किंवा 15 मिलिमीटरचे बुबुळ आकर्षक म्हणून पुढे करतात, पण ते घेऊ नये. लहान बाळाच्या चेहऱ्यात बुबुळ चेहऱ्याच्या मानाने मोठे दिसते, त्यामुळे मोठे बुबुळ लावले की प्रौढ चेहऱ्याला पोरकट आणि चित्रातली छटा येते. चेहरा प्रौढ बाईचा किंवा पुरुषाचा असेल तर डोळाही प्रौढ माणसाचाच हवा. रंगाबाबत सांगायचे तर आपल्याकडे ज्याला काळा डोळा म्हणतात तो खरे तर गडद तपकिरी असतो. निव्वळ काळ्या रंगाचे बुबुळ घेतले तर त्यात बाहुली दिसेनाशी होते आणि नजर हरवते. उन्हात धरल्यावर आत मधासारखी छटा दिसेल असा तपकिरी डोळा गव्हाळ किंवा सावळ्या रंगाच्या चेहऱ्याला फार सुंदर दिसतो. घारा डोळाही आपल्या भागात परका नाही, फक्त त्याच्यासोबत भुवया आणि पापण्यांचे केस एक छटा फिके असावेत. जोडी नेहमी एकाच वेळी, एकाच घडणीतली घ्यावी. एक डोळा आज आणि दुसरा सहा महिन्यांनी मागवला तर रंग जुळत नाही.

जुना डोळा काढणे

काम सुरू करण्यापूर्वी चेहऱ्याचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून फोटो काढावेत. नखे कापावीत, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. डोके धडावरून सोडवून घ्यावे, कारण बसलेल्या किंवा आडव्या बाहुलीवर वाकून हे काम करताना हात घसरतो. पांढऱ्या, अनेकदा धुतलेल्या सुती कापडाची चुंबळ करावी आणि हंडा ठेवतात तसे डोके तिच्यावर चेहरा वर करून ठेवावे. नवे, गडद रंगाचे किंवा छापील कापड टीपीईखाली घेऊ नये, त्याचा रंग उतरतो.

नंतर पापण्या ऊबदार कराव्यात. आंघोळीच्या पाण्याइतक्या, म्हणजे 40 ते 45 अंशांच्या पाण्यात रुमाल भिजवून, पिळून पाच-सात मिनिटे दोन्ही डोळ्यांवर ठेवावा आणि गार झाला की बदलावा. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर तो मंद ठेवावा आणि एका जागी रोखू नये. ऊब मिळाल्यावर टीपीईची पापणी लोण्यासारखी नरम होते. सिलिकॉनवर उष्णतेचा परिणाम कमी होतो, तिथे वंगणावरच भर द्यावा. टीपीईसाठी बेबी ऑइल किंवा व्हॅसलीन पापणीच्या आतल्या कडेला बोटाने लावावे. सिलिकॉनला तेल लावू नये, ते फुगते. साबणाचे पाणी त्याला पुरते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल घरात हाताशी असते म्हणून ते वापरण्याचा मोह होतो, पण ते खोबणीत राहून खवट होते आणि तो वास महिनोन्‌महिने जात नाही.

मागून वाट असेल तर आतला कापूस किंवा स्पंज चिमट्याने काढून घ्यावा आणि एक बोट डोळ्याच्या मागे टेकवून तो हळूहळू बाहेर ढकलावा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालची पापणी खाली धरावी. समोरूनच काढायचा असेल तर खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून चहाच्या चमच्याचा गोल, गुळगुळीत दांडा बाहेरच्या कोपऱ्याच्या जवळून डोळ्याखाली सरकवावा आणि डोळा वर उचलावा. नाकाकडच्या कोपऱ्यातून कधीही सुरुवात करू नये. तिथे कातडी सर्वांत पातळ असते आणि फाटते तिथेच. डोळा एकदम सुटत नाही. आधी खालची कड वर येते, थोडी हवा आत शिरल्याचा बारीक आवाज होतो आणि मग तो तळहातात येऊन पडतो. हा आवाज येईपर्यंत जोर वाढवू नये, वाटल्यास पुन्हा ऊब द्यावी. पापणी ताणलेल्या अवस्थेत मिनिटभरापेक्षा अधिक ठेवू नये.

काढलेल्या डोळ्यांच्या मागे पेन्सिलने डावा-उजवा लिहावे आणि वरच्या बाजूला खूण करावी. मग रिकामी खोबण कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. पावसाळ्यात हे काम असेल तर पंख्याखाली रात्रभर राहू द्यावे, कारण आत ओल राहिली तर बुरशी धरते. टीपीईच्या खोबणीत तेल साचलेले असल्यास ते मऊ कापडाने टिपून घ्यावे.

नवा डोळा आणि नजर

नवा डोळा बसवण्याची रीत माणसाचा कृत्रिम डोळा बसवतात तशीच आहे. डोळ्याला पातळ वंगण लावावे, वरची पापणी उचलून आधी डोळ्याची वरची कड तिच्याखाली सरकवावी, डोळा आत दाबून धरावा आणि मग खालची पापणी खाली ओढून त्याच्यावर आणावी. एवढ्याने डोळा आत जातो. यापुढचे काम नजरेचे आहे आणि त्याला डोळा घालण्याच्या दहापट वेळ द्यावा.

आधी उंची पाहावी. शांत, जाग्या चेहऱ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा एक ते दोन मिलिमीटर भाग झाकते आणि खालची पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला टेकलेली असते. बुबुळाच्या वर पांढरे दिसले तर चेहरा घाबरलेला वाटतो, खाली पांढरे दिसले तर थकलेला किंवा आजारी. मग खोली पाहावी. बाजूने पाहिले असता डोळा भुवईच्या हाडाच्या आत असावा. तो पुढे आला असेल तर मागचे भरण कमी करावे.

यानंतर दिशा. डोळे अगदी दूर, क्षितिजाकडे पाहत असतील तर दोन्ही समांतर असतात. समोर दोन हातांवर बसलेल्या माणसाकडे पाहताना ते किंचित आत वळतात. हे वळणे किती सूक्ष्म असते ते हिशेबाने कळते. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असते. त्या अंतराने 60 सेंटिमीटरवरच्या वस्तूकडे पाहायचे तर प्रत्येक डोळा सुमारे 3 अंश आत वळतो आणि 30 मिलिमीटरच्या गोळ्यावर 3 अंश म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर. दोन मीटरवर पाहायचे तर ते सरकणे पाव मिलिमीटर उरते. यापेक्षा अधिक आत वळला तर डोळा तिरळा दिसतो आणि बाहेर वळला तर नजर शून्यात जाते. म्हणून बाहुली नेहमी कुठे बसणार आहे आणि पाहणारा किती अंतरावर असणार आहे, हे आधी ठरवावे. दुकानातल्या पुतळ्याला मी दोन-तीन मीटरवरची नजर देतो. घरातल्या बाहुलीला खुर्चीच्या अंतराची, साधारण दीड मीटरची.

पाऊण मिलिमीटर डोळ्याने मोजता येत नाही, त्यासाठी टॉर्च लागतो. खोलीतले दिवे घालवावेत, डोके त्याच्या नेहमीच्या उंचीवर ठेवावे आणि ठरवलेल्या अंतरावर, बरोबर नाकाच्या रेषेत उभे राहून टॉर्च आपल्या डोळ्याशेजारी धरावा. दोन्ही बुबुळांवर प्रकाशाचा एकेक ठिपका दिसेल. बुबुळातल्या काळ्या बाहुलीच्या सापेक्ष हे ठिपके दोन्ही डोळ्यांत सारख्याच जागी पडले पाहिजेत. एकात ठिपका मध्यावर आणि दुसऱ्यात नाकाकडे सरकलेला असेल तर दुसरा डोळा बाहेर वळला आहे. नेत्रतज्ज्ञ लहान मुलांचा तिरळेपणा असाच प्रकाशाच्या ठिपक्यावरून तपासतात. डोळा फिरवण्यासाठी ओले बोट चालते, मात्र कृत्रिम डोळा वापरणाऱ्यांसाठी मिळणारी रबराची लहान चूषणी त्याहून उत्तम. ती बुबुळावर टेकवली की डोळा केसाएवढा फिरवता येतो.

धुळ्याच्या एका साडीविक्रेत्याचा पुतळा माझ्याकडे आला होता. डोळे महागडे, काचेचे होते, तरी गिऱ्हाइके त्याच्यासमोर उभी राहायला कचरत. टॉर्च लावल्यावर दिसले की उजव्या डोळ्यातला ठिपका जवळपास एक मिलिमीटर नाकाकडे होता. उजवा डोळा चूषणीने तेवढाच आत वळवला, त्याच्या मागे बाहेरच्या बाजूला कापसाची मुगाएवढी गोळी सरकवली आणि मागे जाऊन पाहिले. मालक माझ्या खांद्यावरून पाहत होते. त्यांनी नकळत पुतळ्यासमोरून पाऊल मागे घेतले आणि मान किंचित झुकवली, समोर कोणी ओळखीचे माणूस आल्यावर झुकवतात तशी. डोळे तेच होते, रंग तोच होता.

मागचे भरण आणि चिकटवणे

डोळा जागेवर राहतो तो मागच्या भरणामुळे. खान्देशात कापूस घरोघरी आहे, आणि या कामाला औषधाच्या दुकानातल्या कापसापेक्षा सरकी काढलेला साधा कच्चा कापूस मला अधिक उपयोगी वाटतो. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असते, त्यामुळे तो ओल लवकर शोषत नाही आणि दाबला तरी पुन्हा फुलतो. औषधी कापसाचे मेण काढून टाकलेले असते. तो ओल पितो, महिन्याभरात बसतो आणि डोळा मागे जातो. कापूस एकदम कोंबू नये. लहान गोळ्या करून चारही बाजूंनी एकेक सरकवावी, म्हणजे पुढे नजर सुधारायची वेळ आल्यास नेमकी तीच गोळी कमी-जास्त करता येते. रंगीत प्लॅस्टिसिन, म्हणजे मुलांची खेळायची तेलमाती, भरणासाठी वापरू नये, त्याचा रंग टीपीईत उतरतो.

चिकट पदार्थ शक्यतो वापरूच नयेत. सुरुवातीच्या काळात मी भुसावळच्या एका गृहस्थांच्या बाहुलीचे डोळे ग्लू गनच्या काडीने पक्के केले होते. तेव्हा मला तो अगदी सुरक्षित उपाय वाटला. मे महिना होता, पारा 45 अंशांच्या वर, आणि बाहुली पत्र्याच्या छताखालच्या खोलीत होती. चार दिवसांनी त्यांचा फोन आला की डावा डोळा जमिनीकडे पाहतो आहे. डोके परत आल्यावर दिसले की गोंद मऊ होऊन डोळा खाली घसरला होता, आणि मी लावताना गोंद इतका गरम होता की पापणीच्या आतल्या कडेला टीपीई वितळून एक खड्डा पडला होता. डोळा मी पुन्हा बसवून दिला, पण तो खड्डा भरून निघाला नाही. त्या दिवसापासून ग्लू गन मी टीपीईच्या जवळ नेलेली नाही. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंदही डोळ्याजवळ नको, कारण त्याच्या वाफेने अ‍ॅक्रिलिकवर पांढरे धुके बसते. डोळा सतत फिरतच असेल तर रंग नसलेल्या तेलमातीचे दोन-तीन ठिपके मागच्या बाजूला द्यावेत, ते हाताने काढता येतात.

पापण्यांचे केस काढले असतील तर ते डोळा पूर्ण स्थिर झाल्यावर, दुसऱ्या दिवशी लावावेत. आधी लावले तर डोळा फिरवताना ते उपटून येतात. शेवटी पापण्यांवरचे वंगण टिपून मऊ ब्रशने अगदी थोडी टाल्कम पावडर फिरवावी. बुबुळावर पावडर बसली तर ओल्या कापसाने पुसून घ्यावी.

नंतरची काळजी

बसवल्यानंतर चोवीस तासांनी टॉर्चची तपासणी पुन्हा करावी, कारण ऊब उतरल्यावर पापणी आकसते आणि डोळा थोडा सरकतोच. त्यानंतर एकदा आठवड्याने आणि एकदा उन्हाळा सुरू होताना पाहिले की पुरते. डोळे पुसण्यासाठी साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेला मऊ सुती कपडा वापरावा, आणि पुसण्याआधी धूळ फुंकून किंवा ब्रशने उडवावी. ती कापडाखाली घासली गेली की रेघा पडतात. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतले काहीही अ‍ॅक्रिलिकला लावू नये. अ‍ॅसिटोनने पृष्ठभाग विरघळतो, आणि स्पिरिटने आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात. थेट उन्हात बाहुली बसवू नये. खिडकीजवळ ठेवायचीच असेल तर पडदा असावा, उन्हाने डोळ्याचा पांढरा भाग हळूहळू पिवळा पडतो आणि टीपीईतले तेलही अधिक पाझरते.

काढलेले जुने डोळे फेकून देऊ नयेत. कोरडे करून, कच्च्या कापसात गुंडाळून, डावा-उजवा आणि व्यास लिहिलेल्या डबीत ठेवावेत. नव्या डोळ्याला ओरखडा पडला किंवा प्रवासात तो हरवला, तर पुढची मागणी त्या जुन्या डोळ्याच्या मापावरूनच करता येते.